दोन धन्यांचा मुलूख

चारोटी नाक्यावर उभे राहा आणि आधी ट्रकांचा आवाज काढून टाका. मग टोलनाका, ढाबे, पंक्चरची दुकानं, डांबर. पालघर जिल्हा काढा, तो २०१४ सालचा. महाराष्ट्र-गुजरातची सीमा काढा, ती १९६० ची. रेल्वे काढा. धामणीचं धरण काढलंत की सूर्या नदी मनासारखी वाहू लागते. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्याही काढाव्या लागतील. ते झाड इथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला रुजलं. एवढं सगळं गेलं की उरतो साग, ऐन, खैर, पूर्वेला गंभीरगडाचा डोंगर आणि पश्चिमेला, दिवसभराच्या चालीवर, डहाणूची खाडी.

साल १६७२. वैशाख संपत आलाय. तुम्ही पायवाटेच्या कडेला उभे आहात आणि समोरून एक सागाचं खोड येतंय.

आधी बैलांच्या घुंगरांचा आवाज येतो, मग माती खरवडल्याचा, आणि मग ते खोड दिसतं. साल सोलून काढलेली, रंग कच्च्या मधासारखा. जाड टोकाला कोयत्याने गोल खाच घेतलीय. त्या खाचेत सालीचा दोर अडकवलाय, म्हणजे ओढताना निसटत नाही. पुढे बैलांची जोडी, मागे चार वारली, हातात लांब दांडे. खोड दगडाला अडलं की दांडा खाली सारतात, एकाच वेळी खांद्याचा जोर लावतात, आणि खोड हातभर पुढे सरकतं. पुन्हा दगड, पुन्हा दांडा. सगळ्यात पुढच्याच्या उजव्या खांद्यावर कातडीचा घट्टा पडलाय, काळा, बैलाच्या मानेवर जू घासून पडतो तसा. त्यांच्यापैकी एकजण तुम्हाला दांडा देतो. तुम्ही कोण, कुठले, हे कुणी विचारत नाही. हात रिकामे आहेत एवढं त्यांना पुरतं.

दुपारी ऐनाच्या सावलीला सगळे बसतात. दुधीच्या वाळक्या भोपळ्यातून आंबील फिरते. आंबट, थंड, नाचणीची. तुम्ही विचारता, "हा साग कोणाचा?"

"रानाचा," तो म्हणतो.

"आणि नेताय कोणासाठी?"

"खाली फिरंगी आहे. वर डोंगरात कोळी राजा आहे." एवढंच सांगून तो भोपळा पुढच्याकडे देतो.

तुम्ही एकविसाव्या शतकातून आला आहात, म्हणून याच्या मागचं थोडं तुम्हाला ठाऊक आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. १५५९ साली त्यांनी दमण घेतलं. मग संजाण, डहाणू, तारापूर, माहीम हे परगणे दमणच्या कारभारात गेले आणि हा सगळा किनारा फिरंग्यांच्या 'उत्तर प्रांता'चा झाला. पण त्यांची सत्ता किनाऱ्याची. घाटाच्या पायथ्याशी ती पातळ होत जाते. वर जव्हारला मुकण्यांचं कोळी राज्य, उत्तरेला रामनगरचा राजा, ज्याचं घराणं पुढे धरमपूरचं म्हणून ओळखलं गेलं. तुम्ही ज्या पायवाटेवर आहात ती या सगळ्यांच्या मधली. इथे हद्दीचा दगड नाही. हद्द कळते ती फक्त मागणी करायला कोण आलं त्यावरून.

दक्षिणेला अशेरीचा कडा आहे. फिरंग्यांनी तो डोंगर ताब्यात ठेवला त्याचं एक मोठं कारण हेच, जे तुम्ही आत्ता ओढताय. जहाजाला साग लागतो. गोव्याहून, वसईहून, दमणहून निघणाऱ्या जहाजांच्या कण्याला आणि फळ्यांना इथलं रान लागतं. आजही अशेरीवर गेलात तर पोर्तुगिजांचं राजचिन्ह कोरलेला दगड पाहायला मिळतो. मला तो दगड पाहिला की पहिली आठवण होते ती त्या खांद्यावरच्या घट्ट्याची. या मुलखाची गोष्ट किल्ले कोणी घेतले आणि कोणी सोडले एवढ्यावर संपवतात, ते मला पटत नाही. किल्ल्याच्या दारावरचं चिन्ह दोनशे वर्षांत एकदा बदलतं, आणि तेवढ्या काळात त्या दाराखालून हजारो खोडं जातात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही डहाणूला पोचता. वारा खारट होतो, ताडाची झाडं सुरू होतात, सुकत टाकलेल्या मासळीचा वास येतो. गाव लहान आहे. खाडीच्या काठाला दगडी तटाचा कोट, चर्च, मांगेल्यांची आणि माच्छ्यांची घरं, ओहोटीने चिखलात बसलेल्या होड्या. वसईसारखं इथे काही नाही. तिथले मठ, तिथल्या हवेल्या, तिथली उमरावांची मिजास या गावाने ऐकलेलीच. ही सरहद्दीची चौकी. कोटातले शिपाई थोडे, आणि त्यातलेही कितीतरी याच मातीतले.

दाराशी रांग आहे. एका तांडेलाला समुद्रात गलबत न्यायचंय आणि त्याला कार्ताज हवाय. कार्ताज म्हणजे फिरंग्यांचा परवाना. तो जवळ नसेल तर त्यांचं लढाऊ जहाज गाठून माल जप्त करतं. आपल्याच बापजाद्यांच्या समुद्रावर जायला कागद काढावा लागतो, आणि तो कागद कुठल्या लिपीत आहे हेही त्या तांडेलाला वाचता येत नाही. दुभाषा वाचून दाखवतो, तेवढ्यावर विश्वास. तुमच्या पुढचा माणूस शेतकरी आहे. त्याचं गाव एका फिदाल्गोला, म्हणजे पोर्तुगीज उमरावाला, तीन पिढ्यांच्या बोलीने दिलेलं. तो उमराव राजाला 'फोरो' नावाचा ठरलेला सारा भरतो, घोडा आणि हत्यारं बाळगतो, आणि गावाकडून स्वतःचं वसूल करतो.

हे केवळ आपल्याकडचं नव्हतं. याच शतकांत पार अल्बानियाच्या डोंगरात तुर्की सुलतान गावं अशीच वाटत होता. घोडेस्वाराने लढाईला यायचं, बदल्यात गावाचा महसूल खायचा. त्या जहागिरीला तिमार म्हणत. तिथली गावनिहाय नोंदवही १४३१-३२ सालची आहे आणि ती टिकलीय. दूरच्या राजाला सरहद्द सांभाळायची असली आणि पगार द्यायला पैसा नसला की तो गाव देतो. अल्बानियातल्या मेंढपाळाला आणि डहाणूच्या भातशेतकऱ्याला एकमेकांचं नावही ठाऊक नव्हतं, पण पीक निघाल्यावर दाराशी घोडा थांबला की पोटात जो गोळा येतो तो दोघांचा एकच असणार.

डहाणूकडे मात्र आणखी एक हिशेब आहे. फोरो दिला तरी दमणच्या मुलखातून रामनगरच्या राजाला चौथ जाते. त्याच्या माणसांनी खाली उतरून गुरं नेऊ नयेत, पिकं जाळू नयेत, याची ती किंमत. फिरंग्यांनी त्या राजाचं नावच 'चौथिया' पाडलंय. समुद्रावर दरारा असलेली सत्ता डोंगरातल्या राजाला दरसाल पैसे मोजते, हे वसईच्या दरबारात कोणी मोठ्याने बोलत नसेल. रांगेतल्या शेतकऱ्याला त्याचं काहीच अप्रूप नाही. दोन्ही पैसे शेवटी त्याच्याच खळ्यावरून जातात.

ज्येष्ठ लागतो. पाऊस अजून समुद्रावरच आहे. एका संध्याकाळी डोंगराकडून माणसं उतरतात, डोक्यावर बोचकी, कडेवर मुलं. जव्हार पडलं. मोरोपंत पिंगळ्यांनी शिवाजीराजांसाठी ते घेतलं आणि राजा विक्रमशहा नाशिककडे मोगलांच्या आश्रयाला गेला. कोटात धावपळ उडते. तोफेच्या तोंडावरचं झापड निघतं. पाठोपाठ रामनगरही पडतं, आणि मग खरी गंमत पाहण्यासारखी आहे: शिवाजीराजे पोर्तुगिजांकडे चौथ मागतात. रामनगर आमचं, म्हणजे रामनगरचा हक्कही आमचा. फिरंगी वेळ काढतात, जुना राजाच हक्कदार म्हणतात, वकील ये-जा करतात, वर्षं जातात. किती नेमका दावा आहे पाहा. राज्य जिंकणाऱ्याने डोंगर मोजला नाही, त्या डोंगराला खालून काय पोचतं ते मोजलं. मला यात राजांची मुलूख वाचण्याची नजर दिसते.

आता थोडं पुढे या. संभाजीराजांच्या फौजा १६८३ साली याच किनाऱ्यावर फिरून गेल्या, ते वाटेत ओलांडा. १७३९ च्या जानेवारीत थांबा.

थंडी आहे. पहाटे खाडीवर धुकं असतं आणि दक्षिणेकडून माणसं पळत येतात. चिमाजी अप्पांची मोहीम दोन वर्षं चाललीय. ठाणं आणि साष्टी आधीच गेली. आता माहीम पडलंय आणि तारापूरला वेढा आहे. तिथे मराठे तटाखाली सुरुंग खणतात, दारू ठासतात. २४ जानेवारीला सुरुंग उडतात आणि फुटलेल्या तटातून फौज आत घुसते. पोर्तुगीज हातघाईवर येऊन लढतात, पाय मागे घेत नाहीत. बाजी भिवराव रेठरेकर, बाजीराव-चिमाजींना घरच्यासारखा असलेला सरदार, तिथेच पडतो. डहाणूचा कोट याच मोहिमेत मराठ्यांकडे येतो, अशेरीही येते, आणि मे महिन्यात वसई.

या विजयाचं मोल कमी करायचं माझ्या मनात अजिबात नाही. युरोपातल्या सत्तेकडून एवढा किनारा तलवारीने परत घेतल्याची दुसरी उदाहरणं त्या शतकात शोधावी लागतात. वसईच्या टापूत देवळं पाडली गेली होती, माणसांवर धर्म लादला गेला होता. त्यांच्यासाठी तो श्वास मोकळा झाल्याचा दिवस होता. पण तुम्ही डहाणूहून परत त्या पायवाटेवर या. ऐनाखाली तेच आंबिलीचे भोपळे. खोड समोरून येतंय, टोकाला तीच गोल खाच. वसईला आता पेशव्यांचं आरमार आहे आणि आरमाराला साग लागतोच.

सरहद्द मात्र मिटली नाही. पेशव्यांच्या आरमाराने १७७२ साली पोर्तुगिजांचं 'सांताना' नावाचं जहाज धरलं होतं. त्याच्या भरपाईपोटी १७७९ च्या तहात बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं देण्याचं ठरलं. १७८३ साली नगर हवेली त्यांच्याकडे गेली. १७८५ साली दादरा त्यांनी विकत घेतलं. म्हणजे किनाऱ्यावरून हाकललेला फिरंगी चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी जंगलाच्या बाजूने पुन्हा वारल्यांचा शेजारी झाला, आणि तिथे १९५४ पर्यंत राहिला.

इंग्रजी अंमलाची सव्वाशे वर्षं झरझर बघा, कारण त्यांचं सार एका ओळीत येतं: रान सरकारचं झालं, जमीन सावकार-जमीनदारांची झाली, आणि वारली स्वतःच्याच शेतावर वेठीला लागला. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फेडायला नवरा-बायको दोघांनी धन्याच्या घरी राबायचं. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत.

शेवटचा मुक्काम २३ मे १९४५, झरी, आजच्या तलासरी तालुक्यातलं गाव. पुन्हा वैशाखाचंच ऊन. पाड्यापाड्यांतून चालत माणसं आलीत, हजारोंनी. किसान सभेची परिषद आहे. गोदावरी आणि शामराव परुळेकर इथे आहेत. तुम्ही गर्दीत खाली बसता. ठराव साधे आहेत: वेठ करायची नाही, आणि दिवसाला रोख बारा आणे मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाय ठेवायचा नाही. तुमच्या शेजारचा म्हातारा बोटांवर बारा मोजतो. चार, आठ, बारा. आजवर या मुलखात जो आला त्याने मागणी केली. पहिल्यांदाच भाव इथल्या माणसाने सांगितलाय. याची किंमत लवकरच मोजावी लागते: १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलीस गोळीबार करतात, पाच जण जातात, त्यांत जेठ्या गांगड. पण वेठ मोडली ती मोडलीच. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये हे सगळं आहे. चारोटीवरून गाडीने जाणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आता ट्रक परत आणा. नाक्यापासून थोडं उत्तरेला, महामार्गालगत, विवळवेढ्याची महालक्ष्मी आहे. चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस तिची यात्रा भरते. मध्यरात्री वाघाडीचा पुजारी मुसळ्या डोंगराच्या सुळक्यावर चढून ध्वज लावतो, आणि तो ध्वज येतो जव्हारच्या मुकण्यांकडून. संस्थान विलीन होऊनही किती वर्षं झाली. मोरोपंतांनी जव्हार घेतलं त्यालाही साडेतीनशे वर्षं झाली. यात्रेला आदिवासी येतात तसे गुजरातेतून आणि सिल्वासाकडूनही लोक येतात, आणि ज्या हद्दी ते ओलांडतात त्यातली एक १ मे १९६० ला उंबरगाव तालुका कापून आखलेली. त्या कापणीत महाराष्ट्राकडे राहिलेल्या गावांचा तलासरी तालुका झाला. आज तिथल्या पाड्यांवरची पोरं सकाळच्या पाळीला उंबरगाव आणि वापीच्या कारखान्यांत जातात. रोज कितीवर ठरलंय, ते मात्र त्यांना विचारा.