रुग्णमाता, तिची मुले आणि समाज : परळच्या सेवाकार्याचा एक मागोवा

कर्करोग आणि परळ हे दोन शब्द महाराष्ट्राच्या मनात एकत्र जोडले गेले, त्याला आता आठ दशकांहून अधिक काळ लोटला आहे. खेड्यापाड्यांतून, परप्रांतांतून उपचारासाठी परळला आलेल्या रुग्णांना मुंबईकरांनी अन्न दिले, निवारा दिला, औषधांना पैसे दिले. मुंबईच्या सामाजिक इतिहासातील हे एक उज्ज्वल प्रकरण होय. रुग्ण ही लहान मुलांची आई असेल, तर मात्र आजारी एक असते आणि आधाराची गरज साऱ्या घराला लागते. ही साधी गोष्ट सेवाभावी समाजाच्या ध्यानी येण्यास बराच काळ जावा लागला. तो प्रवास थोडक्यात मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रुग्णालयाची स्थापना

लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी टाटा हेही निवर्तले. सर दोराबजी टाटा ट्रस्टने पुढे परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उभारले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले, तेव्हा तेथे ८० खाटा होत्या. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले.

रुग्णाच्या आजारामागे त्याचे घरही उभे असते, ही जाणीव याच काळात रुजू लागली. समाजकार्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था १९३६ साली मुंबईत सुरू झाली. तिचेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था असे नामकरण झाले. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविकेचे पद प्रथमच निर्माण झाले. घरी मिळवते कोण, स्वयंपाक कोण करते, मुले कोणाजवळ आहेत, हे प्रश्न रोगाच्या इतिहासाबरोबर विचारले जाऊ लागले. मात्र प्रश्न विचारणारी व्यक्ती रुग्णालयात होती, आणि उत्तर गावाकडच्या घरात होते.

अन्न आणि निवारा

पुढील पन्नास वर्षांत परळ-दादर परिसरात सेवाकार्याचे जाळे विणले गेले. डॉ. डी. जे. जस्सावाला व नवल टाटा यांच्या पुढाकाराने १९५१ साली इंडियन कॅन्सर सोसायटीची स्थापना झाली. १९६८ साली नाना पालकर स्मृती समिती आणि १९६९ साली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्था कार्यरत झाल्या. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेने परगावच्या असंख्य रुग्णांना डोक्यावर छप्पर दिले. श्री. हरखचंद सावला यांनी रुग्णालयासमोर भुकेल्या रुग्णांना व त्यांच्या नातलगांना जेवू घालण्याचे व्रत घेतले आणि त्यातून 'जीवन ज्योत' ट्रस्टचे कार्य विस्तारले. बरे न होणाऱ्या रुग्णांची अखेर वेदनारहित व्हावी, यासाठी १९८६ साली वांद्रे येथे शांती आवेदना आश्रम सुरू झाला.

या साऱ्या कार्याचे मोल शब्दांत सांगता येणार नाही. तथापि त्यातील बहुतेक व्यवस्था 'रुग्ण आणि सोबतची एक व्यक्ती' असे गृहीत धरून उभ्या राहिल्या. रेल्वेची सवलतसुद्धा रुग्णाला व सोबतच्या एका माणसाला मिळते. पुरुष आजारी पडला की पत्नी सोबत येते. स्त्री आजारी पडली की पती रोजगार बुडवून सोबत येतो, आणि मुले आजीकडे, मामाकडे किंवा शेजाऱ्यांकडे राहतात. पुष्कळदा धाकट्यांची जबाबदारी मोठ्या मुलीवर येते आणि तिची शाळा सुटते. उपचाराच्या खर्चात हा खर्च कोणीच धरत नाही.

भेटीला येणारी स्त्री

या विचाराला वेगळे वळण मिळाले ते स्वतः हा आजार भोगलेल्या स्त्रियांकडून. न्यूयॉर्कच्या तेरेसे लॅसर या महिलेवर १९५२ साली स्तनाची शस्त्रक्रिया झाली. हाताचे व्यायाम, कपडे, घरची कामे यांविषयी सांगणारे कोणीच त्यांना भेटले नाही. म्हणून त्या स्वतःच अशा रुग्णांना भेटू लागल्या. या भेटींतून 'रीच टू रिकव्हरी' हा उपक्रम जन्मास आला आणि १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तो आपला मानला. मुंबईत १९९४ साली श्रीमती वंदना गुप्ता यांनी 'व्ही केअर' ही संस्था स्थापन केली. त्या स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या होत्या. त्याच वाटेने गेलेली स्त्री समोर बसली की रुग्ण स्त्री डॉक्टरांना न सांगितलेली गोष्ट बोलते, आणि ती गोष्ट बहुधा मुलांविषयीची असते.

मुलांसाठी स्वतंत्र उपक्रम त्यानंतर आले. कॅलिफोर्नियातील एका शाळकरी मुलाने, आईला स्तनाचा कर्करोग झाल्यावर, १९९३ साली आपल्यासारख्या मुलांसाठी 'किड्स कनेक्टेड' सुरू केले. २००० साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी कर्करुग्णांच्या मुलांसाठी 'कॅम्प केसेम' ही शिबिरे आरंभिली. गरोदरपणात अथवा बाळंतपणानंतर कर्करोग झालेल्या मातांसाठी इंग्लंडमध्ये २०१३ साली 'ममीज स्टार' ही संस्था निघाली.

आपल्या देशात घरापर्यंत पोहोचण्याचा सर्वांत मोठा प्रयोग केरळात झाला. १९९३ साली कालिकतला वेदनाशमनाचे कार्य सुरू झाले. १९९९ पासून मलप्पुरम जिल्ह्यात ते शेजारपाजारच्या सामान्य माणसांच्या हाती आले. आठवड्यातून किमान दोन तास देऊ शकणाऱ्या नागरिकांना प्रशिक्षण देण्यात आले. हे स्वयंसेवक औषधांइतकीच घरातल्या तांदळाची आणि मुलांच्या शाळेची चौकशी करू लागले.

आईची खरी अडचण

भारतीय स्त्रियांत स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. स्तनाचा कर्करोग तर पाश्चात्त्य देशांच्या मानाने येथे कमी वयात दिसतो. साहजिकच अनेक रुग्णांची मुले शाळेत जाणारी, काहींची तर अंगावर पिणारी असतात.

उपचाराचे वेळापत्रक आईच्या सोयीने चालत नाही. केमोथेरपी बहुधा दर एकवीस दिवसांनी, कित्येक महिने घ्यावी लागते. किरणोपचारासाठी आठवड्यातून पाच दिवस, असे काही आठवडे जावे लागते. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या दिवसांत मुलाचा साधा ताप-खोकलाही आईला धोक्याचा ठरू शकतो. काखेतील गाठी काढल्यावर काही आठवडे त्या हाताने मूल उचलता येत नाही. बाळ अंगावर पीत असेल, तर केमो सुरू होताना दूध तोडावे लागते.

त्यात गैरसमजांची भर पडते. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही. बाहेरून दिलेल्या किरणोपचाराने शरीरात किरणे राहत नाहीत, त्यामुळे आईने मुलाला खुशाल जवळ घ्यावे. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिल्यास मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस अंतर पाळावे लागते. हे न कळल्याने कित्येक घरांत निष्कारण आई आणि मूल यांची ताटातूट होते.

महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आरोग्य योजनेने, तसेच २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने उपचारखर्चाचा मोठा भार उचलला. परंतु मुलाजवळ थांबणाऱ्या माणसाची तरतूद कोणत्याही योजनेत नसते. ते माणूस न मिळाल्यामुळे आई एक पाळी चुकवते, मग दुसरी चुकवते, आणि बरा होऊ शकणारा आजार हाताबाहेर जातो. मुलांसाठी घरी थांबलेली आई मुलांनाच कायमची अंतरते, याहून मोठे दुःख ते कोणते?

स्वयंसेवकाचे कर्तव्य

या इतिहासातून काही गोष्टी स्पष्ट होतात. मदत ठरलेल्या दिवशी आणि शक्यतो त्याच व्यक्तीने करावी, कारण लहान मुलाला रोज नवा चेहरा नको असतो. डबा, शाळेची ने-आण, गृहपाठ आणि केमोनंतरच्या चार दिवसांचा स्वयंपाक ही कामे आईला विचारूनच वाटून घ्यावीत. मूल आईचेच असते, ते स्वयंसेवकाने आपल्या कह्यात घेऊ नये. पालकांच्या संमतीशिवाय मुलांना कोठेही नेऊ नये, आणि शक्यतो दोघांनी मिळून जावे. आजाराविषयी मुलांशी काय बोलायचे ते आई-वडिलांनी ठरवावे, परंतु खोटे आश्वासन कोणीही देऊ नये. "हे तुझ्यामुळे झाले नाही," इतके मात्र प्रत्येक मुलाला आवर्जून सांगितले जावे. मदत घेणाऱ्या कुटुंबाची नावे व छायाचित्रे फलकावर येऊ नयेत. आणि दुर्दैवाने आई गेलीच, तर तेराव्या दिवशी आपले कार्य संपले असे समजू नये.

या कामाला इमारत लागत नाही, मोठी देणगीही लागत नाही. गल्लीतील आठ-दहा कुटुंबांची एक वही पुरेशी असते : केमोच्या दिवशी साडेबारा वाजता शाळेच्या फाटकाशी कोण उभे राहील, आणि त्या व्यक्तीस अडचण आल्यास दुसरे कोण जाईल. आपल्या पूर्वसूरींनी रुग्णाला अन्न दिले, निवारा दिला. त्या वहीत आपले नाव लिहिणे ही पुढच्या पन्नास वर्षांची जबाबदारी आहे.