नांदण्यास नकार : डॉ. रखमाबाई आणि स्वतःला जपण्याची किंमत (थ्रेड)

१/
२६ फेब्रुवारी १८८७. पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी यांचे क्षयाने निधन झाले. वय अवघे २१.
त्यानंतर सहाच दिवसांनी, ४ मार्च रोजी, मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फॅरन यांनी २२ वर्षांच्या रखमाबाईंविरुद्ध निकाल दिला : महिन्याभरात पतीकडे नांदावयास जावे, अन्यथा सहा महिन्यांपर्यंतचा कारावास.
रखमाबाईंनी कळविले, कारावास पत्करेन.

२/
दोघी जवळजवळ समवयस्क. रखमाबाईंचा जन्म नोव्हेंबर १८६४चा, आनंदीबाईंचा मार्च १८६५चा. दोघींचे विवाह बालपणी झाले. एक डॉक्टर होऊन परतली आणि वर्षभरात गेली. दुसरी पुढे डॉक्टर झाली आणि नव्वदी ओलांडून जगली.
नाती सांभाळताना स्वतःला किती जपावे, हा प्रश्न आज आपण नव्या शब्दांत विचारतो. १८८७ सालच्या त्या आठवड्यात तो आपल्याच मातीत, अत्यंत कठोर रूपात उभा होता.

३/
आधी आनंदीबाईंविषयी थोडे. नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी मातृत्व, आणि अवघ्या दहा दिवसांत बाळाचा मृत्यू. पती गोपाळराव यांचा पत्नीला शिकविण्याचा ध्यास विलक्षण होता, आणि तो तितकाच जाचकही होता. लहानपणी झालेल्या मारहाणीचा उल्लेख आनंदीबाईंनी पुढे पतीलाच लिहिलेल्या पत्रात केला आहे.

४/
अमेरिकेस जाण्यापूर्वीच त्यांची प्रकृती खालावली होती. तरीही १८८३ मध्ये त्या एकट्या निघाल्या. परदेशची थंडी, अपुरा आहार, अभ्यासाचा ताण, आणि स्वधर्माचे आचार न सोडण्याचा स्वदेशीयांना दिलेला शब्द, हे सारे त्यांनी एकाच वेळी निभावले. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळविली. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली. मात्र तेथे काम करण्याइतके आयुष्य उरले नव्हते.

५/
क्षयावर त्या काळी औषध नव्हते. त्यामुळे ‘जपले असते तर त्या वाचल्या असत्या’ असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. एवढे मात्र खरे, की पतीला, समाजाला आणि देशाला दिलेला प्रत्येक शब्द त्यांनी पाळला. देहाने मागितलेली विश्रांती तेवढी शेवटपर्यंत मागे राहिली.
आता रखमाबाईंकडे वळू.

६/
रखमाबाईंची कथा त्यांच्या आईपासून सुरू होते. जयंतीबाईंना कोवळ्या वयात वैधव्य आले; लेक तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. त्यांच्या सुतार ज्ञातीत विधवाविवाहाची चाल होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. तत्पूर्वी पहिल्या पतीची मालमत्ता त्यांनी लेकीच्या नावे केली.
ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढील सर्व घटनांचा पाया येथे आहे.

७/
सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत जे दोन भारतीय होते, त्यांपैकी ते एक. दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग. सावत्र वडिलांच्या या घरात रखमाबाईंना पुस्तकांचा सहवास लाभला.

८/
असे घर असूनही रूढी चुकली नाही. अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. जावयाने सासुरवाडीच्या आधाराने शिकावे, मार्गी लागावे, अशी अपेक्षा होती. ती फळली नाही. पुढे दादाजी आपल्या मामांकडे राहू लागले. रखमाबाई वयात आल्या, तेव्हा इतक्या कोवळ्या वयात संसार सुरू होण्यास सखाराम अर्जुन यांनी डॉक्टर या नात्याने विरोध केला. मुलगी माहेरीच राहिली.

९/
या उसंतीच्या काळात तिने वाचले, विचार केला आणि एक निर्णय घेतला. ज्या विवाहात आपली संमती विचारली गेली नाही, त्या विवाहाच्या आधारे एका परक्या माणसाच्या स्वाधीन व्हावयाचे नाही.
यात पतीवर सूड उगविण्याचा भाव नव्हता. दुसऱ्या कोणाशी लग्न करण्याचा हेतूही नव्हता. आपले शरीर आणि आपले आयुष्य यांवर आपला काही अधिकार आहे, एवढेच म्हणणे होते.

१०/
१८८४ मध्ये दादाजींनी वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. साध्या मराठीत, पत्नीला नांदावयास पाठविण्याचा दावा.
हा उपाय मुळात इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेला होता. विशेष म्हणजे याच १८८४ साली इंग्लंडने अशा दाव्यातील हुकूम मोडल्याबद्दलची तुरुंगाची शिक्षा रद्द केली. हिंदुस्थानातील दिवाणी कायद्यात ती कायम राहिली.

११/
रखमाबाईंच्या बाजूने दादाजींची गरिबी, त्यांचे अनारोग्य आणि ज्या मामांच्या आश्रयाने ते राहत होते त्यांचे चारित्र्य, हे मुद्दे मांडले गेले.
सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दादाजींचा दावा फेटाळला. हे दोघे कधी एकत्र नांदलेच नाहीत, मग पुनःस्थापना कशाची? आणि नावडत्या पुरुषाकडे एका तरुणीला बळाने पाठविणे हे क्रौर्य ठरेल, असा त्यांच्या निकालाचा आशय होता.

१२/
याच वर्षी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर पत्रे प्रसिद्ध झाली. लेखिका रखमाबाईच होत्या. स्वतःचा खटला चालू असताना त्यांनी स्वतःपुरते न बोलता साऱ्या बालवधूंच्या वतीने लिहिले.
याच १८८५ मध्ये सखाराम अर्जुन निवर्तले. ऐन लढ्यात पाठीवरचा हात गेला.

१३/
अपिलात चित्र पालटले. पिन्हींचा निकाल रद्द झाला आणि खटला पुन्हा चालविण्याचा आदेश निघाला. त्यातूनच ४ मार्च १८८७चा फॅरन यांचा निकाल आला.
समाज दुभंगला. बेहरामजी मलबारी आणि त्यांचे सहकारी रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. लोकमान्य टिळक विरोधात होते; परक्या सरकारच्या न्यायालयाने हिंदू कुटुंबाच्या रूढीत हात घालू नये, हा त्या बाजूचा मोठा मुद्दा होता.

१४/
दादाजींनी १८८७ मध्ये आपली बाजू मांडणारी पुस्तिका काढली. रखमाबाईंच्या आई आणि आजोबांनी मालमत्तेच्या लोभाने तिला अडवून धरले आहे, असा त्यांचा आरोप होता. रखमाबाईंनी वृत्तपत्रातून उत्तर दिले आणि आपला नकार आपलाच असल्याचे ठामपणे सांगितले.
स्त्री ‘नाही’ म्हणते तेव्हा तिला कोणीतरी फूस लावली असणार, हा समज तेव्हाही होता. आजही तो पुरता गेलेला नाही.

१५/
अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींना दोन हजार रुपये देण्यात आले आणि निकालाची अंमलबजावणी टळली. त्यांनी पुढे दुसरा विवाह केला.
येथे रखमाबाईंचा स्वभाव दिसतो. तुरुंगात जाण्याची तयारी होती, म्हणून तुरुंगात जाण्याचा हट्ट धरला नाही. हुतात्मा होण्यापेक्षा मोकळे होणे त्यांना अधिक मोलाचे वाटले असावे. ज्या एका बाबतीत माघार शक्य नव्हती ती सोडून बाकी सर्व त्यांनी वाटाघाटीत ठेवले.

१६/
कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकाच्या वाटेवर उत्तेजन दिले. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या आणि तेथील स्त्री-वैद्यक विद्यालयात दाखल झाल्या. ईव्हा आणि वॉल्टर मॅक्लारेन या दांपत्याच्या घरी त्यांना आसरा मिळाला. १८९४ मध्ये शिक्षण पूर्ण करून त्या मायदेशी परतल्या.

१७/
सुरत आणि पुढे राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी सुमारे ३५ वर्षे सेवा केली. भारतात प्रत्यक्ष वैद्यकी करणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. ज्या स्त्रीवर ‘घर मोडणारी’ म्हणून टीका झाली, तिच्या हाती शेकडो घरांनी आपल्या लेकीसुना विश्वासाने सोपविल्या. निवृत्तीनंतर त्या मुंबईत राहिल्या. पडदापद्धतीविरुद्धही त्यांनी लिहिले.

१८/
एक गोष्ट मात्र वाचकाला चकित करते. तडजोडीने खटला मिटला होता, विवाह विसर्जित झाला नव्हता. हिंदू विवाहात तेव्हा घटस्फोटाची सोयच नव्हती. १९०४ मध्ये दादाजींच्या मृत्यूची वार्ता आली, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचे पांढरे वस्त्र धारण केले.
याला पराभव म्हणावे का? मला तसे वाटत नाही. ज्या नात्यात राहणे असह्य होते ते त्यांनी नाकारले. त्या माणसाचा द्वेष आयुष्यभर वाहिला नाही. बंद केलेल्या दारापलीकडील माणसाविषयीही किमान सभ्यता राखता येते, असा याचा एक अर्थ लावता येईल. समाजाची मर्यादा सांभाळणे, हा दुसरा. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

१९/
आता मूळ प्रश्नाकडे. आनंदीबाई शूर होत्या आणि रखमाबाईही शूर होत्या. धैर्यात उणे-अधिक ठरविणे अन्यायाचे होईल. फरक होता तो दोघींच्या भोवतालच्या नात्यांत.
आनंदीबाईंचे सर्वांत जवळचे नाते हेच त्यांच्यापुढील सर्वांत मोठी मागणी होते. रखमाबाईंपाशी एक जाचक नाते होते आणि त्याच्या बाजूला अनेक निकोप नाती होती : मालमत्ता लेकीच्या नावे करणारी आई, शास्त्राच्या आधारे उभे राहणारे सावत्र वडील, आश्रय देणारे आजोबा, जाहीरपणे बाजू घेणारे स्नेही.

२०/
म्हणूनच ‘आधी स्वतःला जपा, मग नात्यांना’ हा आजचा लोकप्रिय उपदेश इतिहासाला अपुरा वाटतो. रखमाबाईंना स्वतःला जपता आले, कारण काही नात्यांनी त्यांना जपले होते. ‘नाही’ हा शब्द उच्चारावा लागतो एकटीलाच, पण तो टिकावयास पाठीशी घर लागते.
आणि तेही खरे, की त्या ‘नाही’ने घर तुटले नाही. आई, आजोबा, मित्रमंडळ, सारे त्यांचेच राहिले. निकोप नात्याची खूण हीच : तेथे नकार दिल्यावरही माणूस आपला राहतो.

२१/
खटल्याचे पडसाद दूरवर गेले. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर्षे केले. त्यामागील वादळात रखमाबाईंच्या खटल्याचा मोठा वाटा होता. नांदण्याचा हुकूम मोडल्याबद्दलचा कारावास मात्र हिंदुस्थानी कायद्यातून जाण्यास १९२३ साल उजाडले.

२२/
शेवटी कालपटावरील एक योगायोग. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला. ज्या घटस्फोटाची वाट रखमाबाईंना कधी उपलब्ध नव्हती, ती हिंदू स्त्रीला देशभर खुली झाली. त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये नांदावयास बोलाविण्याचा तो जुना दावाही जागा धरून होता.
चारच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, डॉ. रखमाबाई निवर्तल्या. वय ९०.

२३/
१९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. म्हणजे रखमाबाईंनी उपस्थित केलेला प्रश्न अजून मिटलेला नाही.
न्यायालये त्याचे उत्तर देतील तेव्हा देतील. आपल्या घरापुरते उत्तर मात्र आपल्याच हाती आहे. आपल्या लेकीने, सुनेने, मैत्रिणीने उद्या ‘नाही’ म्हटले, तर जयंतीबाईंसारखे तिच्या मागे उभे राहणारे कोणी आपल्या घरात आहे का, हे आजच पाहून ठेवावे.

(समाप्त)
#इतिहास #रखमाबाई #मराठी