रुळांचें अंतर आणि संगणकाचा दुभाषी



बारामती आणि इंदापूर हे पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन शेजारी तालुके. पुण्याहून सोलापुराकडे जाणारा रुंद लोहमार्ग इंदापूर तालुक्यांतील भिगवण स्टेशनावरून जातो. पुढें १९१४ सालीं दौंडापासून बारामतीपर्यंत दुसरा लोहमार्ग सुरू झाला. परंतु त्याच्या दोन रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट होतें, तर मुख्य मार्गाचें साडेपांच फूट. त्यामुळें भिगवणास माल भरलेला डबा तसाच पुण्याकडे जाऊं शके. बारामतीस चढविलेली गुळाची ढेप मात्र दौंडास उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावी लागे. मालांत दोष नव्हता. अडचण केवळ मापाची होती.

संगणकाच्या इतिहासांत हीच अडचण पुनः पुनः उद्भवली आहे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स ही कार्यप्रणाली रचण्यास प्रारंभ केला. १९७३ सालीं तिचा गाभा सी भाषेंत पुन्हा लिहिला गेला, आणि त्यामुळें एका यंत्रावरील प्रणाली दुसऱ्या यंत्रावर नेणें सुकर झालें. कारण मूळ संहिता तीच ठेवून, ज्या त्या यंत्राला समजणाऱ्या आज्ञांत तिचें रूपांतर करतां येतें. या रूपांतरालाच कम्पाइल करणें म्हणतात. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें त्याच परंपरेंतील लिनक्स प्रसिद्ध केली.

परंतु घरोघरीं आणि कचेऱ्यांतून जी प्रणाली रुजली, ती विंडोज. तिच्यासाठीं बनविलेला प्रोग्राम विंडोजपाशींच मागण्या करतो: खिडकी उघड, अक्षर काढ, फाइल वाच. लिनक्सला ही बोली कळत नाहीं. म्हणून १९९३ सालीं बॉब ॲमस्टाट यांनीं वाइन नांवाचा प्रकल्प आरंभिला, आणि पुढच्याच वर्षीं अलेक्झांद्र ज्युलियार यांनीं त्याची धुरा घेतली. वाइन संपूर्ण यंत्राचें सोंग आणीत नाहीं. ती प्रोग्रामची प्रत्येक मागणी ऐकून तिचें लिनक्सच्या बोलींत भाषांतर करते. दौंडच्या फलाटावरील हमालाचें काम तें हेंच. या कामाला किती वेळ लागला पाहा: वाइनची पहिली पूर्ण आवृत्ति १७ जून २००८ रोजीं, म्हणजे पंधरा वर्षांनंतर निघाली.

आतां ही वाइन स्वतः कम्पाइल करावयाची, तर कोणती सामग्री लागते? प्रथम सी भाषेचा कम्पाइलर. मग फ्लेक्स व बायसन हीं दोन साधनें; व्याकरणाचे नियम वाचून तीं त्यांवरून संहिता तयार करतात. त्यानंतर पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या एक्स-विंडो प्रणालीच्या, अक्षरें रेखाटणाऱ्या फ्रीटाइपच्या आणि छपाई सांभाळणाऱ्या कप्सच्या विकास-फाइली. येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. काम सुरू करण्यापूर्वीं ‘कॉन्फिगर’ नांवाची आज्ञावली सर्व सामग्री तपासते. फ्रीटाइप नसेल तर ती तेथेंच थांबते. छपाईची फाइल नसेल तर मात्र केवळ सूचना देऊन पुढें जाते. आणि सारें काम आटोपल्यावर कळतें कीं, कागद छापला जात नाहीं. म्हणून त्या सूचना न वाचतां पुढें जाऊं नये.

दुसरी अडचण यंत्राच्या पिढीची. जुने प्रोग्राम बहुधा ३२ बिटांचे, तर आजचीं यंत्रें ६४ बिटांचीं. पूर्वीं यासाठीं दोन्ही प्रकारची सामग्री लिनक्सवर बसवावी लागे. जानेवारी २०२४ मध्यें आलेल्या वाइनच्या ९.० आवृत्तींत, ३२ बिटांची लिनक्स-सामग्री न बसवितांहि असे प्रोग्राम चालविण्याची नवी रीत प्रयोगादाखल पुरविली गेली.

हा खटाटोप मराठी माणसानें कां करावा? पुण्याच्या सी-डॅकनें आणि श्रीलिपि काढणाऱ्या मॉड्युलर इन्फोटेकनें मराठीला संगणकावर आणलें, हें ऋण मोठें आहे. परंतु त्या काळच्या बहुतेक फाँटांत रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी आकृति बसविलेल्या असत, आणि प्रत्येक फाँटाची मांडणी निराळी. बारामतीच्या एखाद्या सोसायटीचा अहवाल किंवा इंदापूरच्या एखाद्या शिक्षकानें जमविलेला गांवचा इतिहास अशा फाइलींत असेल, तर मूळ प्रोग्राम व फाँट यांवांचून तो निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग दिसतो. जुनें यंत्र बिघडलें, कीं लेखन डोळ्यांसमोर असूनहि वाचतां येत नाहीं. अशा वेळीं वाइन तो जुना प्रोग्राम पुन्हा उघडून देऊं शकते. सर्वच उघडतात असें नाहीं. ज्यांना यंत्राला जोडावयाची किल्ली लागते, ते पुष्कळदां अडून बसतात.

मात्र दुभाष्यावर कायमचें विसंबणें शहाणपणाचें नव्हे. बारामतीचा मार्गहि पुढें रुंद झाला, आणि दौंडची ती चढउतार संपली. मराठीचा रुंद मार्ग युनिकोड आहे. १९९१ च्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यांत स्वतःचें स्थान आहे. तेव्हां वाइनच्या साह्यानें जुनी फाइल उघडावी, तींतील मजकूर रूपांतरकाकडून युनिकोडांत आणावा, मूळाशीं ताडून पाहावा आणि मगच निश्चिंत व्हावें. जोपर्यंत जुनें यंत्र चालू आहे, तोपर्यंत हें काम सोपें आहे. तें बंद पडल्यावर अनुभवी माणसालाहि तें जड जातें.