एक मडकं, एक जाजम

पौषातली थंडी पडली, की आपल्या पनवेलच्या गावागावांत पोपटी लागते. भातकापणीनंतर शेतात उरलेल्या ओलीवर वाल येतो. त्याच्या भरलेल्या शेंगा, ओवा, जाडं मीठ मडक्यात घालायचं, वर-खाली भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा. मडकं उपडं ठेवून पेंढा-गोवऱ्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंबही लागत नाही. मग शेकोटीभोवती सगळे एकाच मडक्यातलं खातात. तिथे कोणी कोणाचं कुंकू बघत नाही.

याच दिवसांत संक्रांतीचं हळदीकुंकू येतं, आणि आपल्यातल्या काही जणी घरीच राहतात. नवरा गेला, एवढाच त्यांचा दोष.

सावित्रीबाई फुल्यांनी १४ जानेवारी १८५२ रोजी पुण्यात तिळगुळाचा समारंभ ठेवला, तेव्हा सगळ्या जातींच्या बायकांना एकाच जाजमावर बसवलं. सण तोच, पण जाजम मोठं झालं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं.

ठराव कागदावर राहतो. बोलावणं मात्र आपणच द्यायचं असतं. आम्ही गटात ठरवलंय, यंदा पोपटी आणि तिळगूळ एकाच संध्याकाळी. ज्यांना आजवर बोलावलं नाही, त्यांच्या दारी आधी जायचं. पहिलं वाणही त्यांच्याच हातून वाटायचं.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाचं काय ठरलं?