किमोनो : वहिवाट आणि छंद



एखादी वस्तू नित्याच्या वापरातून गेली म्हणजे ती एक तर अडगळीत पडते, नाही तर संग्रहालयात जाते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. जपानच्या किमोनोचा इतिहास मात्र या समजुतीत बसत नाही. रोजच्या अंगावरून हे वस्त्र उतरले, तेव्हा त्याला तिसरीच एक जागा मिळाली. ती म्हणजे छंदाची. आज जपानात आणि जपानबाहेरही जुने किमोनो हौसेने जमवणारी, त्यांच्या रंगांचे मेळ बसवणारी आणि ते लेवून हिंडणारी माणसे आहेत. ही हौस त्या वस्त्राच्या ऱ्हासाची खूण मानावयाची की त्याच्या जिवंतपणाची, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम वस्त्राची ओळख करून घेऊ. ‘किमोनो’ या शब्दाचा अर्थ ‘अंगावर ल्यावयाची वस्तू’ एवढाच. किमोनोला बाह्या आहेत, म्हणून तो घालावयाचा. परंतु त्याला गुंड्या नाहीत, आणि स्त्रियांच्या किमोनोची जास्तीची लांबी कमरेशी घडी घालून बेतावी लागते, म्हणून तो नेसावयाचाही. त्याचे कापड सुमारे ३६ ते ३८ सेंटिमीटर पन्ह्याचे आणि सुमारे १२ मीटर लांबीचे असते. त्याचे सरळ रेषेत आठ तुकडे करावयाचे: अंगाचे दोन, बाह्यांचे दोन, पुढच्या पट्ट्यांचे दोन, आणि गळपट्टी व तिच्यावरची पट्टी. कोठेही गोल कात्री चालत नाही. त्यामुळे सगळी शिवण उसवून, तुकडे पुन्हा एकमेकांस जोडून, अखंड ठाणासारखे धुता येतात आणि नव्याने शिवता येतात. आईचा किमोनो लेकीच्या मापाचा होतो तो असा.

या साध्या बेतण्यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. वस्त्राचा आकार सर्वांचा जवळजवळ एकच. तेव्हा माणसाची रसिकता दिसावयाची ती कापडाच्या निवडीत आणि मेळात. किमोनोवर कोणता ‘ओबी’ म्हणजे कमरपट्टा, त्यावर कोणती दोरी, गळ्याशी आतल्या वस्त्राची किती कड दाखवावयाची, यातच सारी कला. ‘एका किमोनोला तीन ओबी’ अशी जपानी म्हणच आहे. याचा अर्थ असा की, ज्याला आज आपण हौशी माणसाचा खेळ म्हणतो, ती जुळवाजुळव या वस्त्राच्या घडणीतच आहे. छंदाने ती बाहेरून आणलेली नाही.

आता इतिहासाकडे वळू. आजच्या किमोनोचा पूर्वज ‘कोसोदे’ हा आखूड तोंडाच्या बाह्यांचा अंगरखा. दरबारी लोक तो आतून घालीत. सोळाव्या शतकापर्यंत तो सर्व थरांत बाहेरचे वस्त्र म्हणून रूढ झाला. पुढे तोकुगावा घराण्याच्या अमलात, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, शहरांतून व्यापाऱ्यांचा वर्ग संपन्न झाला. १६६६ च्या सुमारास कोसोदेच्या नमुन्यांची छापील पुस्तके निघू लागली. १६७३ मध्ये मित्सुई ताकातोशी याने एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, ‘एचिगोया’ नावाची कापडाची पेढी घातली. रोख पैसे आणि ठरीव भाव ही तिची रीत.

व्यापाऱ्यांच्या बायका उमरावांच्या बायकांहून भारी कपडे नेसू लागल्या, हे सत्ताधाऱ्यांना मानवणारे नव्हते. १६८३ मध्ये सरकारने जरीकाम, भरजरी कशिदा आणि अंगभर बांधणी यांना बंदी केली. या बंदीतून काय निघाले? ज्याला बंदी नव्हती ते रंगकाम. भाताच्या खळीने नक्षीच्या कडा रेखून आत रंग भरण्याची रीत भरभराटीला आली, आणि क्योतोचा पंखे रंगवणारा चित्रकार मियाझाकी यूझेन याच्या नावावरून ती ‘यूझेन’ म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे एदोच्या नागरिकांनी त्यावरही ताण केली. बाहेरून तपकिरी किंवा राखी साधे कापड, आणि आत मात्र चित्रांनी भरलेले अस्तर! राखी आणि तपकिरी यांच्या छटा इतक्या झाल्या की, ‘अठ्ठेचाळीस तपकिरी, शंभर राखी’ असा वाक्प्रचारच पडला. तेव्हा हौस ही किमोनोच्या उतारवयातली गोष्ट नव्हे. ऐन भराच्या काळातही कायद्याशी झुंजून हौसेनेच त्याला नवे रूप दिले.

या कथेत आपल्या किनाऱ्याचाही एक धागा आहे. पोर्तुगीज जहाजांतून हिंदुस्थानचे कापड जपानात जात असे. मद्रासजवळच्या साओ तोमे बंदरावरून आलेल्या पट्टेदार सुती कापडाला जपानीत ‘सान्तोमे’ म्हणत. तसेच एक तलम, पट्टेदार रेशमी कापड ‘चाऊ-जिमा’ या नावाने प्रसिद्ध होते. ‘जिमा’ म्हणजे पट्टे, आणि ‘चाऊ’ म्हणजे आपले रायगड किनाऱ्यावरचे चौल! पुढे १६८० च्या दशकात ते कापड क्योतोतच विणले जाऊ लागले, आणि पुरुषांच्या ‘हाकामा’ नावाच्या घेरदार वस्त्रासाठी ते वापरीत. चौलचे माग गेले; नाव मात्र जपानी कोशात राहिले.

१८६८ नंतर वारे फिरले. १८७२ मध्ये अधिकाऱ्यांच्या समारंभी पोशाखासाठी पाश्चात्य कपडे ठरले, आणि १८८७ मध्ये सम्राज्ञीने स्त्रियांनीही तसेच कपडे घालावे असा अभिप्राय प्रसिद्ध केला. तरी घराघरांतून किमोनोच चालत होता. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘मेइसेन’ नावाचे स्वस्त, भडक नक्षीचे रेशीम निघाले आणि शहरातल्या मध्यम स्थितीतल्या मुलीही रेशीम नेसू लागल्या. खरा आघात झाला तो युद्धाचा. जुलै १९४० मध्ये चैनीच्या वस्तूंवर निर्बंध आले आणि १९४२ मध्ये कपडे शिधापत्रिकेवर गेले. पराभवानंतर अन्नाची इतकी टंचाई झाली की, शहरातल्या बायका पेटीतले किमोनो एकेक काढून खेड्यात नेत आणि त्यांच्या बदल्यात तांदूळ वा रताळी आणीत. या जिण्याला लोकांनी नाव दिले ‘बांबूच्या कोंबाचे जिणे’. कारण कोंबाची सालपटे जशी एकेक सोलावी, तसे एकेक वस्त्र जात होते. आजच्या संग्राहकाने हाती घेतलेल्या जुन्या किमोनोमागे असा एखादा सौदा असणे मुळीच अशक्य नाही.

युद्धोत्तर पिढी फ्रॉक-स्कर्टमध्ये वाढली. किमोनो उरला लग्नापुरता आणि सणापुरता. नेसावे कसे हे सांगणारी आई गप्प झाली, म्हणून १९६० च्या दशकापासून किमोनो नेसणे शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. त्यांनी ज्ञान राखले यात संशय नाही. परंतु त्याबरोबर जी वहिवाट होती तिचा कायदा झाला. ऑक्टोबर ते मे अस्तराचा, जून व सप्टेंबरात बिनअस्तरी, जुलै-ऑगस्टात विरळ विणीचा. फुलाची नक्षी ते फूल उमलण्याच्या थोडी आधी. लांब बाह्या अविवाहितेच्या. चुकण्याच्या भीतीने पुष्कळांनी पेटीला कुलूपच घातले.

ते कुलूप उघडले छंदिष्टांनी. क्योतोला तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला आणि कितानो तेन्मांगू येथे २५ तारखेला बाजार भरतो. तेथे जुन्या किमोनोंचे ढीग असतात. आजीचे मेइसेन तेथून घ्यावे, त्यावर आपल्या मनाजोगता ओबी बांधावा, असा हा शौक आहे. डाव्या बाजूची कड वर हा नियम मात्र सारे पाळतात. कारण उजवी वर घेतात ती प्रेताला नेसवताना.

छंदाचे मोल किती, याची दोन उदाहरणे देतो. क्योतोचे पुराणवस्तूंचे व्यापारी नोमुरा शोजिरो हे १९४३ मध्ये वारले. मृतांचे कोसोदे देवळाला अर्पण करण्याची चाल होती, आणि तेथे त्यांची आसनवस्त्रे होत. नोमुरांनी असे तुकडे जमवून सुमारे शंभर पडद्यांवर, घडवंचीवर टाकलेल्या कोसोद्यासारखे, डकवले. ते पडदे आज साकुरा येथील राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहेत. दुसरे कुबोता इत्चिकू. ‘त्सुजिगाहाना’ नावाच्या लुप्त बांधणीचा एक तुकडा त्यांनी विशीत संग्रहालयात पाहिला. मध्ये युद्ध आले, सायबेरियातील कैद आली. तरी त्या तुकड्याचा ध्यास सुटला नाही, आणि १९७७ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी आपल्या रीतीने रंगवलेल्या किमोनोंचे प्रदर्शन भरवले. कोणी जमवले, म्हणून कोणी पाहिले. कोणी पाहिले, म्हणून कोणी पुन्हा केले.

आता विरुद्ध बाजू. २०१५ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाने मोने या चित्रकाराच्या चित्रातल्या किमोनोची प्रतिकृती प्रेक्षकांना अंगावर घालून पाहण्यास दिली. पूर्वेकडच्या लोकांचा हा तमाशा आहे, असा निषेध झाला आणि संग्रहालयाने तो प्रकार थांबवला. उलट, किमोनो नेसून आलेल्या काही जपानी स्त्रियांनी, परक्यांनी तो अवश्य ल्यावा, असे सांगितले. माझ्या मते भेद परका आणि घरचा असा नाही. ज्याने डावी-उजवी कड शिकून घेतली, घडी घालणे शिकून घेतले, त्याचा तो छंद. ज्याने केवळ छायाचित्रापुरता पांघरला, त्याचे ते सोंग.

पण छंदाचीही एक मर्यादा आहे, आणि ती सांगितल्याविना हा विषय पुरा होणार नाही. जुना किमोनो घेतल्याने जुना विणकर जगत नाही, कारण तो केव्हाच गेला. आजचा विणकर जगतो तो नव्या ठाणावर, आणि ते ठाण महाग असते. पेट्यांतला साठा कितीही मोठा असला तरी तो संपणारा आहे. म्हणून ज्या दिवशी संग्राहक दहा जुने किमोनो घेतल्यावर एक नवे ठाण विणावयास सांगतो, आणि उसवून धुण्याची, पुन्हा शिवण्याची विद्या स्वतः हाती घेतो, त्या दिवशी त्याचा छंद वहिवाटीची जागा घेतो. वहिवाट न मागता मिळते, म्हणून ती नकळत सुटतेही. छंद कष्टाने मिळवावा लागतो. किमोनोला आता जो काही भरवसा आहे, तो त्या कष्टाचा आहे.