रूट कॅनालनंतर घरी काय काळजी घ्यावी? दुखणं थांबलं म्हणजे उपचार संपला असं नाही

दाढेचा ठणका असह्य झाला की माणूस दवाखाना गाठतो, रूट कॅनाल करून घेतो आणि दोन दिवसांत आराम पडला की पुढच्या तारखेला जातच नाही. काही महिन्यांनी तीच दाढ तुटते आणि काढावी लागते. केलेला खर्चही पाण्यात जातो. म्हणून रूट कॅनालनंतर घरी काय करावं आणि काय टाळावं, याची माहिती आम्ही वाचकांसाठी येथे देत आहोत.

नस काढली तरी दुखतं का?

रूट कॅनालमध्ये दाताच्या आतली सुजलेली किंवा सडलेली नस काढतात, मुळांतल्या नळ्या साफ करतात आणि त्या गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरतात. दाताची नस गेली तरी मुळाभोवतीचा भाग सुजलेला असतो. त्यामुळे चावताना तीन-चार दिवस, कधी आठवडाभर दुखू शकतं. मात्र हे दुखणं रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं.

पहिला दिवस

- बधिरपणा साधारण दोन ते चार तास राहतो. तोवर काही खाऊ नका, गरम चहाही नको. गाल किंवा जीभ चावली गेली तरी कळत नाही.
- गाल सुजला असेल तर फडक्यात बर्फ गुंडाळून बाहेरून 10-15 मिनिटं शेका. गरम शेक देऊ नका.
- झोपताना डोक्याखाली एक उशी जास्त घ्या. आडवं झाल्यावर ठणका वाढतो.
- कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरा.

खाणं-पिणं आणि सफाई

दुसऱ्या बाजूने चावा. खिचडी, दहीभात, शेवया, मऊ शिजलेला खिचडा चालतो. नल्ली, हाडं, सुपारी, फुटाणे, चिक्की टाळा. खजुरासारखे चिकट पदार्थही त्या बाजूने नकोत, कारण तात्पुरती भरलेली सिमेंट निघू शकते. ब्रश बंद करू नका, मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवा. मिसवाक वापरणाऱ्यांनी काही दिवस त्या दातावर ती जोरात घासू नये. तंबाखू, मिश्री, गुटखा आणि सिगारेट जखम भरू देत नाहीत.

गोळ्यांबाबत

डॉक्टरांनी लिहून दिलेलीच गोळी घ्या. आयबुप्रोफेन उपाशीपोटी घेऊ नये. अल्सर, किडनीचा आजार किंवा दमा असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा बाई गरोदर असेल, तर हे डॉक्टरांना आधीच सांगा. अँटिबायोटिक प्रत्येकाला लागत नाही, मेडिकलवरून स्वतः आणू नका. लवंगेचं तेल किंवा अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवली तर हिरडी भाजते.

रमजानमध्ये उपचार झाला असेल तर दिवसभराच्या गोळ्या सहरी-इफ्तारमध्ये मनाने कोंबू नका. वेळा बदलता येतील का, हे डॉक्टरांना विचारा. आजारी माणसाला रोजा नंतर कजा करण्याची सवलत आहे; त्याबाबत आपल्या आलिमांचा सल्ला घ्या.

ताबडतोब डॉक्टरांकडे केव्हा जावं?

- तीन दिवसांनंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढत असेल
- ताप आला, हिरडीवर फोड आला किंवा पू येत असेल
- तात्पुरती सिमेंट पूर्ण निघाली असेल
- अंगावर पुरळ आलं असेल

सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरत असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर रात्र असली तरी थांबू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा.

कॅप का टाळू नये?

तात्पुरती सिमेंट काही आठवडेच टिकते. ती झिजली की लाळ आणि जंतू आत शिरतात आणि पुन्हा संसर्ग होतो. शिवाय नस काढलेली दाढ पोखरलेली, कमकुवत असते. चावताना उभी चिरली तर बहुतेक वेळा वाचवता येत नाही. म्हणून दाढेवर शक्यतो महिनाभरात कॅप बसवून घ्यावी. पुढच्या दाताला कधी कधी नुसतं कायमचं फिलिंगही पुरतं.

पैशांअभावी कॅप राहून जात असेल तर डॉक्टरांशी स्पष्ट बोला. धातूची कॅप सिरॅमिकपेक्षा स्वस्त पडते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांतही कमी खर्चात उपचार होतात. जाताना आधीचे एक्स-रे आणि कागद सोबत ठेवा.