जुनी गाडी चालता चालता बंद पडली, परत सुरू होईना? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

भिवंडी : माणकोली, रांजनोली नाका, अंजूरफाटा किंवा वाडा रस्ता. ट्रॅफिकमध्ये अडकलेली जुनी गाडी अचानक बंद पडते आणि कितीही सेल्फ मारला तरी सुरू होत नाही. मागे कंटेनर हॉर्न मारत उभे. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये आणि ओम्नीचे २०१९ मध्ये थांबले, तरी गावागावात या गाड्या अजून धावतात. गाडी थंड होऊन गॅरेजला पोचते तेव्हा ती व्यवस्थित चालू होते, मग अंदाजाने पार्ट बदलले जातात. पैसे जातात, बिघाड तसाच राहतो. म्हणून गाडी सुरू होत नसते त्याच वेळी केलेली तपासणी सगळ्यात कामाची.

आधी जीव सांभाळा

गिअर न्यूट्रल करून गाडी कडेला घ्या, चारी इंडिकेटर लावा, माणसांना रस्त्यापासून लांब उभे करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा नंबर आहे. टेंपरेचरचा काटा वर गेला असेल तर सेल्फ मारू नका आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका.

सेल्फ फिरतो का?

नुसता टक-टक आवाज येतो, लाईट मंद होतात, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिले, पांढरे पडले आहे. टर्मिनल साफ करून घट्ट करा. चांगल्या बॅटरीला इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दिसतात, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. चालू इंजिनवरही १२ च्या आसपासच राहिले तर चार्जिंग होत नाही. अशा वेळी नवी बॅटरी टाकली तरी ती पुन्हा उतरणारच.

सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरला तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घ्या. पुढे सेल्फ मारू नका, गाडी टो करा.

सेल्फ फिरतो, पण इंजिन उचलत नाही

मग प्रश्न दोनच : पेट्रोल येते का आणि करंट येतो का?

एमपीएफआय गाडीत चावी ऑन केल्यावर टाकीकडून दोनेक सेकंद पंपाचा गूं आवाज यायला हवा. आला नाही तर आधी फ्यूज आणि रिले बघा, मग पंप. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवाही पेटला पाहिजे. तो पेटतच नसेल तर कॉम्प्युटरला सप्लाय मिळत नसावा. सीएनजी बसवलेल्या गाडीत पेट्रोल टाकी कोरडी ठेवल्याने पंप खराब होतो.

कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर ओव्हरफ्लो झाला आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा. टाकीचे झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि नंतर गाडी सुरू झाली, तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे. हे फुकटात सुटणारे काम!

करंटची तपासणी जाणकाराकडूनच करून घ्या. झटका जोराचा असतो आणि जवळ पेट्रोल असेल तर आग लागू शकते. पावसाळ्यात मात्र गाडी बंद असताना डिस्ट्रिब्युटरचे झाकण आणि प्लगच्या वायरी कोरड्या फडक्याने पुसून बघायला हरकत नाही. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, तिथे गरम भागाला हात लागणार नाही हे बघा.

गरम झाल्यावरच बंद पडते?

वीस-तीस मिनिटांनी आपोआप सुरू होणारी गाडी म्हणजे बहुतेक वेळा गरम होऊन दगा देणारी इग्निशन कॉइल किंवा सेन्सर. कार्बोरेटरच्या गाडीत उन्हाने, इंजिनच्या उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पाईपात अडकते, तेव्हाही असेच होते. पंप थकल्यावरही हेच लक्षण दिसते.

गॅरेजवाल्याला हे सांगा

झटके देत बंद पडली की एकदम? झटके देत असेल तर पेट्रोलचा आणि एकदम असेल तर करंटचा संशय आधी घेतात. इंजिन गरम होते की थंड? पंपाचा आवाज आला का? किती वेळाने सुरू झाली? एवढे मोबाईलमध्ये लिहून ठेवले, पंप बोलत नाही त्याचा व्हिडिओ काढला, तरी मेकॅनिकचे अर्धे काम होते आणि नको ते पार्ट बदलण्याचा खर्च वाचतो.